फरसाणाचं व्यसन असतं का, आणि ते मोजतात कसं?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

मी ४४ वर्षांची. राहते मुलुंड पूर्वेला, नोकरी परळला, हिशेबाचं काम. वजन ५६ किलो, शुगर-बीपी ठीक. हे आधीच सांगते, कारण डॉक्टरांकडे विषय काढला की ते वजनकाट्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुम्हाला काय झालंय? खा बिनधास्त."

प्रश्न शेवेचा आहे. भावनगरी शेव, पापडी, खारी बुंदी. गोडाचं मला काही नाही, श्रीखंडाचा डबा आठवडाभर फ्रिजमध्ये राहील. दिवसा मी अगदी ताब्यात असते. सकाळी चहावर निघते, दुपारचा डबा पुष्कळदा तसाच परत येतो. पण घरात शेव आहे हे माहीत असलं की रात्री झोप लागत नाही. गेल्या महिन्यात रविवारच्या मिसळीसाठी अर्धा किलो आणली होती. शुक्रवारी रात्री साडेअकराला, दिवा न लावता, ओट्याशी उभी राहून संपवली. पोट दुखत होतं, जीभ सोलवटली होती, तरी हात थांबेना. शनिवारी भाजीच्या निमित्ताने खाली उतरले, तेवढीच शेव आणली आणि डब्यात आधी जिथवर होती तिथवर भरली. सासूबाईंना कळू नये म्हणून. हे तिसऱ्यांदा.

डब्यातली पातळी सारखी करताना आई आठवली. माझे वडील प्यायचे. आई बाटलीवर पेनाने बारीक रेघ मारून ठेवायची आणि बाबा पाणी घालून ती रेघ गाठायचे.

एका समुपदेशक बाईंनी माझ्याकडून प्रश्नावली भरून घेतली, येल फूड ॲडिक्शन स्केल. ११ पैकी ५ लक्षणं निघाली, शिवाय 'याने त्रास होतो' यालाही हो. शेरा 'मध्यम'. नवरा म्हणाला, शेवेचं कसलं आलंय व्यसन, अमेरिकेतल्या कागदावरून ठरवतेस का? तो वाईट नाही, त्याला खरंच कळत नाही. मला विचारायचंय की हे मोजमाप भरवशाचं आहे का? आणि 'व्यसन' हा शब्द मी स्वतःसाठी वापरू का? आमच्या घराने त्या शब्दापायी फार सोसलंय, म्हणून तो सहज उचलवत नाही.

सायनचा मास्तर

ताई, मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं नीट सांगू शकेन.

ही प्रश्नावली २००९ साली येल विद्यापीठात ॲशली गिअरहार्ट आणि सहकाऱ्यांनी केली. दारू-ड्रग्जच्या अवलंबित्वाचे तेव्हाचे ७ निकष घेतले आणि दारू-ड्रग्जच्या जागी खाणं ठेवलं. पुढे २०१३ मध्ये डीएसएम-५, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक, आलं, व्यसनाचे निकष ११ झाले, म्हणून २०१६ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. तुम्ही भरली ती हीच, ३५ प्रश्नांची, गेल्या १२ महिन्यांबद्दल विचारणारी. २-३ लक्षणं सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा जास्त तीव्र. पण नुसती लक्षणं मोजून ती थांबत नाही. रोजच्या जगण्यात अडचण किंवा मनस्ताप असेल तरच निदानाचा शेरा मिळतो. ही अट मला त्या मोजमापातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते. भरपूर खाणारा आणि सुखाने झोपणारा माणूस त्यात अडकत नाही.

आणि त्यात वजनाचा प्रश्नच नाही. ठरवलं त्याहून जास्त खाल्लं का, कमी करायचे प्रयत्न फसले का, त्रास होतोय हे कळूनही चालू राहिलं का, खाण्याच्या नादात रस्ता ओलांडताना इजा झाली असती का, असलं ती विचारते. तुमचे ५६ किलो तिथे कुणी बघत नाही. डॉक्टरांनी काटा पाहिला, म्हणजे मोजलं ते वेगळंच काहीतरी.

यजमानांची शंका मात्र अगदीच टाकाऊ नाही. प्रश्नावलीच्या सुरुवातीला पदार्थांची यादी येते, त्यात आइस्क्रीम, चॉकलेट, चिप्स, पिझ्झा असतात. आपल्या बायका भरताना 'मी तर हे खातच नाही' म्हणून मोकळ्या होतात. तुम्ही शेव डोक्यात ठेवून भरली असेल तर उत्तरं बरोबर आहेत.

शब्दाचं म्हणाल तर 'फूड ॲडिक्शन' हे डीएसएम-५ मध्ये निदान म्हणून नाही. जुगाराचं व्यसन तिथे आहे, हे नाही. ही प्रश्नावली संशोधनाचं साधन आहे, सर्टिफिकेट समजू नका.

ठाणे स्लो

मी सहा वर्षांपूर्वी तंबाखू सोडली. पहिले दहा दिवस काय असतात ते मला माहीत आहे, म्हणून शेवेला व्यसन म्हणणं मला पटत नाही. तरी ती डब्याची पातळी वाचून गप्प झालो. पुडी संपली की मीही नवी फाडून जुन्या पुडीत भरायचो, बायकोला दिसू नये म्हणून. काळजी घ्या ताई.

गिरगावची आहारवाली

मास्तरांनी मोजमाप चांगलं समजावलं. मी आहारतज्ज्ञ आहे, माझं लक्ष ताईंच्या एका वाक्यावर अडकलंय. दुपारचा डबा तसाच परत येतो, आणि त्या याला 'ताब्यात असणं' म्हणतात.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना रोज १२ तास उपाशी ठेवून मग १२ तास साखरेचं पाणी आणि खाद्य देत. ते उंदीर साखरेवर तुटून पडायला लागले, व्यसनासारखी लक्षणं दाखवायला लागले. ज्यांना साखर दिवसभर मोकळी होती, ते तसे वागले नाहीत. म्हणून काही संशोधक विचारतात, दोष साखरेचा की उपाशी ठेवण्याचा? दारूत इथेनॉल हा एक रेणू दाखवता येतो. शेवेत बोट कशावर ठेवणार? बेसन, तेल, मीठ, तिखट, कुरकुरीतपणा? त्यामुळेच २०१४ मध्ये योहानेस हेबेब्रांड आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की याला अन्नाचं नव्हे, 'खाण्याचं' व्यसन म्हणावं.

ताई, सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत तुमच्या पोटात नक्की काय जातं? आणि असे प्रसंग मोजा. भरमसाट खाणं, थांबवता न येणं, लाजेने लपून खाणं, आठवड्यातून निदान एकदा, ३ महिने असेल, तर त्याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' हे निदान आहे, त्यावर उपचार आहेत. त्यालाही वजनाची अट नाही. समुपदेशक बाईंना हे जरूर विचारा, आणि विचारल्याशिवाय कडक डाएट तर मुळीच सुरू करू नका. त्याने रात्री आणखी अवघड जातील.

मुलुंडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. आहारवाल्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मी कागदावर लिहून काढलं. सकाळी ७ ला चहा. ११ ला चहा. ४ ला चहा आणि दोन बिस्किटं. मग साडेआठला घरी जेवण, सगळ्यांना वाढून झाल्यावर. आईही अशीच जेवायची. मला यात कधी काही चुकीचं दिसलंच नव्हतं, उलट बरं वाटायचं.

सोमवारपासून डबा खातेय, दीड वाजता, जागेवरून उठून. रात्रीची ओढ गेलेली नाही. मंगळवारी ओट्यापर्यंत गेले होते. चार दिवसांवरून मी काही म्हणणार नाही. शब्दाचंही अजून ठरलेलं नाही.

नवऱ्याला बाटलीवरच्या रेघेचं पहिल्यांदाच सांगितलं. लग्नाला १९ वर्षं झाली. त्याने प्रश्नावली मागून घेतली आणि ३५ च्या ३५ प्रश्न बसून वाचले. शनिवारी समुपदेशक बाईंकडे सोबत येतोय. शेवेचा डबा सध्या रिकामा ठेवलाय, सासूबाईंना सांगून.