अपार्टमेंटचा हिशोब मागायचा कसा? (नाशिक)

इंदिरानगरकर: 48 फ्लॅटची इमारत. टँकर आणि लिफ्टचं कारण सांगून मेंटेनन्स वाढवला. हिशोब मागितला की सचिव म्हणतात, "मीटिंगला या." मीटिंगला जेमतेम दहा-बारा डोकी. सहकार कायद्याच्या कलम 83 खाली उपनिबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी) तक्रार करावी का?

गंगापूर_रोड: आधी कागद बघा. बोलताना सगळेच सोसायटी म्हणतात, पण नाशकात बऱ्याच इमारती कागदावर अपार्टमेंट असतात. शेअर सर्टिफिकेट मिळालं असेल तर सोसायटी, म्हणजे 1960 चा सहकार कायदा. डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त) आणि प्रत्येकाचं अपार्टमेंट डीड (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) असेल तर 1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा. कलम 83 सहकारी संस्थांचं आहे. तिथे एक-पंचमांश सभासदांनी अर्ज केला की चौकशी लागते, म्हणजे तुमच्याकडे दहा सह्या. अपार्टमेंटला ते लागू नाही. शिवाय तिथे मतं डोकी मोजून धरत नाहीत. डिक्लरेशनमध्ये प्रत्येकाला जितके टक्के हिस्सा, तितकं त्याचं मत, आणि बहुमत 51 टक्क्यांचं. तळमजल्यावर मोठे गाळे असतील तर त्यांचे टक्के आधी बघून ठेवा.

हिशोबतपासनीस: "हिशोब दाखवा" एवढंच लिहिलंत तर एक पानी जमाखर्च हातात देतील. कागदांची नावं घालून मागा: 1 एप्रिल ते 31 मार्चचं बँक स्टेटमेंट, व्हाउचर, टँकरची बिलं, लिफ्टचा एएमसी (वार्षिक देखभाल) करार, एफडीच्या पावत्या. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच.

टँकरचं बिल वॉचमनच्या रजिस्टरशी जुळवा, तारीख आणि गाडी नंबरासकट. रजिस्टरच नसेल तर आजपासून सुरू करायला लावा, मागचं आता तपासता येणार नाही. लिफ्टच्या करारात सुटे भाग धरलेत का ते वाचा. धरले असूनही दाराच्या सेन्सरचं वेगळं बिल लागलं असेल तर तिथेच बोट ठेवा. एफडीचं व्याज जमेत दिसतंय का, हेही बघा. बहुतेक जण फक्त खर्चाची बाजू वाचतात.

पाथर्डी_फाटा: सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी हवी, आणि कोरम (किमान हजेरी) दोन-तृतीयांश सभासद किंवा 20, यांतला कमी आकडा. म्हणजे तुमच्याकडे 20. अर्ध्या तासात कोरम झाला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही! दहा-बारा डोक्यांत वाढ मंजूर होते ती अशी. उलट सभासदांनी सह्या करून मागितलेली विशेष सभा कोरमअभावी रद्दच होते. सह्या दहा पुरतात, माणसं मात्र वीस आणावी लागतात.

इंदिरानगरकर: शेअर सर्टिफिकेट नाही, अपार्टमेंट डीडच आहे.

गंगापूर_रोड: मग 83 सोडा. डिक्लरेशन जिथे नोंदवलंय त्या दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून प्रमाणित प्रत काढा. उपविधी त्यालाच जोडलेले असतात. त्यात हिशोबाची पुस्तकं मालकांना खुली ठेवण्याचं कलम शोधा, विशेष सभेला किती टक्के मालकांची मागणी लागते ते बघा, आणि अर्जात ती कलमं आकड्यासकट लिहा. व्हाउचर बघायला एकटे जाऊ नका, सोबत दुसरा मालक घ्या.