बारावीच्या संगणकशास्त्रात क्लास-ऑब्जेक्ट शिकवावेत का?

शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, लातूर
बायफोकल (व्यावसायिक) संगणकशास्त्र घेणाऱ्या ज्या मुलाला फॉर लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना) वापरून दहा संख्यांची बेरीज करता येत नाही, तोही पॉलिमॉर्फिझमची (एकाच नावाने वेगवेगळ्या ऑब्जेक्टकडून वेगवेगळे काम करून घेणे) व्याख्या पाठ करून गुण मिळवतो, हे मला फार खटकते. क्लास म्हणजे माहिती आणि तिच्यावरचे काम एकत्र बांधणारा साचा, आणि त्यातून बनते ते ऑब्जेक्ट. ही कल्पना ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत आली ती सिम्युला 67 ओस्लोमध्ये डाल आणि न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञांनी घडवली ती गुंतागुंतीच्या व्यवस्थांचे संगणकावर अनुकरण करण्यासाठी. ती गरज वीस ओळींच्या प्रोग्रॅममध्ये मुलांना जाणवणार कशी? आधी फंक्शन (ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) आणि अ‍ॅरे (एकाच नावाखाली ठेवलेली मूल्यांची यादी) पक्के व्हावेत. क्लास पदवीला शिकवला तरी काही बिघडत नाही.

निवृत्त प्राध्यापक, परभणी
मॅडम, आपले निदान बरोबर आहे, उपाय मात्र पटत नाही. मोंढ्यातली सोयाबीनची हिशेबपट्टी घ्या. शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव आणि हमाली-तोलाई वजा करून निव्वळ रक्कम काढणारे फंक्शन एकाच क्लासमध्ये ठेवावे, वजन प्रायव्हेट (क्लासबाहेरून हात लावता न येणारे) करावे आणि मुलांना ते मुख्य प्रोग्रॅममधून थेट बदलायला सांगावे. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्रभाषेत बदलणारे सॉफ्टवेअर, तिथेच अडवतो. मग वजन भरण्यासाठी वेगळे फंक्शन लिहावे लागते आणि उणे वजन नाकारण्याची अट त्यातच घालता येते. एन्कॅप्सुलेशन (माहिती क्लासमध्ये सुरक्षित बंदिस्त ठेवणे) कशासाठी, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. शिवाय शंभर पट्ट्यांची बेरीज करायला अ‍ॅरे आणि फॉर लूप लागतोच.

प्रयोगशाळा शिक्षक, नांदेड
सरांचे उदाहरण मलाही आवडले, पण ते मुलांनी चालवायचे कशावर? सी प्लस प्लस या भाषेचा 1990 साली आलेला टर्बो सी प्लस प्लस हा कंपायलर अजूनही काही प्रयोगशाळांत आहे. त्यात मुले आयओस्ट्रीम डॉट एच असे हेडर (प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडायची तयार फाइल) लिहितात, जे 1998 च्या प्रमाणित सी प्लस प्लसमध्ये नाही. तोच प्रोग्रॅम घरी मोबाइलवरच्या कंपायलरने नाकारला की मुलाला वाटते, आपल्यालाच काही येत नाही. विषय राहो वा जावो, हे आधी बदलले पाहिजे.

शिक्षिका, लातूर
सर, पट्टीचा क्लास मी वर्गात घेईन. इनहेरिटन्सला (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवण्याला) मात्र माझा विरोध कायम आहे, कारण इतक्या लहान प्रोग्रॅममध्ये त्याचे उदाहरण ओढूनताणूनच आणावे लागते.

निवृत्त प्राध्यापक, परभणी
इनहेरिटन्स पदवीला न्यावे, हे मला मान्य आहे. क्लास मात्र बारावीतून हलवू नये आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्यावर मुलांनी कधीच न पाहिलेला प्रश्न द्यावा.