अक्राणीतील दहा कुटुंबांना शेळ्या द्यायच्या आहेत, पण शिलाई यंत्रांची चूक पुन्हा नको

तापीकाठ, जळगाव

आम्ही आठ-दहा निवृत्त बँक कर्मचारी दरवर्षी निवृत्तिवेतनातून काही रक्कम बाजूला काढतो. दोन वर्षांपूर्वी त्या रकमेतून आम्ही नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर सहा शिलाई यंत्रे दिली होती. गेल्या महिन्यात तेथे गेलो, तेव्हा एकच यंत्र चालू होते, दोन विकली गेली होती आणि उरलेल्या तिन्हींवर मक्याची कणसे वाळत घातलेली होती. यात तेथील बायकांचा दोष नाही. चाळीस घरांच्या पाड्यावर शिवण्याजोगे कपडे महिन्याला किती निघतील, हा साधा हिशेब आम्हीच केला नव्हता, आणि जन्मभर इतरांची कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसांनी तो करू नये याची लाज वाटते.

यंदा दहा कुटुंबांना प्रत्येकी दोन शेळ्या देऊन दिवाळीच्या आठवड्यात वाटप करावे, असा विचार आहे. शेळ्या मोफत द्याव्यात की परतफेडीच्या बोलीवर, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

शहादेकर

परतफेडीचा प्रश्न नंतरचा आहे. आधी वाटपाचा मुहूर्त बदलावा. दिवाळी उलटली की त्या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि बहुधा होळीच्या सुमारास परततात. तुमच्या शेळ्या पोहोचतील तेव्हा घरात म्हातारी आणि नातवंडे तेवढी असतील. मग त्या शेळ्या शेजाऱ्याकडे जातील किंवा वाटखर्चासाठी विकल्या जातील, आणि आपण मात्र लोकांना मदतीची किंमत नाही असे म्हणत बसू.

मी काही वर्षे या स्थलांतरित मुलांच्या हंगामी शाळेत शिकवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. घर गरीब राहते ते जनावर नाही म्हणून, हे अर्धेच खरे आहे. गेल्या हंगामाचे धान्य आषाढ-श्रावणात संपते आणि नवा मका किंवा ज्वारी हाती यायला अवकाश असतो, त्या दोन-तीन महिन्यांत ऊसतोडीचा मुकादम दाराशी येऊन उचल, म्हणजे पुढच्या मजुरीपोटी आगाऊ पैसे, देतो. ती उचल खाण्यात आणि आजारपणात जाते. एकदा ती घेतली की नवरा-बायकोचा कोयता (ऊसतोडीत जोडप्याला कोयताच म्हणतात) मुकादमाच्या नावावर लागतो आणि थंडीतील सगळे महिने ती फेडण्यात जातात. म्हणून तुमच्या रकमेतील काही भाग शेळीवर न घालता पावसाळ्यातील धान्यावर घाला. देणगीदारांना ते आवडत नाही, कारण धान्य खाऊन संपते आणि त्याचा फोटोही चांगला येत नाही.

ही काही माझ्या मनची कल्पना नाही. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी हीच पद्धत वापरली: जनावर, त्यासोबत काही काळ खाण्यापुरते पैसे, प्रशिक्षण, बचत आणि नियमित गृहभेटी. त्याच धर्तीवर भारतासह सहा देशांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही कुटुंबांचे खाणेपिणे मदत न मिळालेल्या तशाच कुटुंबांपेक्षा बरे राहिले होते. होंडुरासमध्ये मात्र बहुतेकांनी कोंबड्या घेतल्या आणि त्यातील पुष्कळ रोगाने मेल्या.

गोठ्यावरून, चोपडा

कोंबड्यांचे जे झाले ते शेळ्यांचेही होऊ शकते. आठवडी बाजारातून वीस शेळ्या एकदम उचलून एका पाड्यावर सोडल्या, तर एकीचा पीपीआर हा शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग सगळ्या कळपाला लागायला वेळ लागत नाही. शक्यतो त्याच तालुक्यातून, डोंगर चढायची सवय असलेल्या शेळ्या निवडाव्यात, वाटपाच्या आधी लस टोचून त्यांना काही दिवस वेगळ्या ठेवाव्यात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आंत्रविषाराची लस व जंताचे औषध चुकवू नये.

दुसरे, हिशेब मांडून पाहा. शेळी पाच महिने गाभण राहते आणि बोकड विकण्याजोगा व्हायला त्यापुढे आठ-दहा महिने जातात. म्हणजे न गाभणलेली शेळी दिली, तर हातात पहिला पैसा यायला वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि एवढा दम त्या घराला नसतो. थोडे जास्त पैसे पडले तरी गाभण शेळीच द्या.

परतफेड पैशात मुळीच मागू नका. आपल्याकडे जनावर अर्ध्या वाट्याने सांभाळायला देण्याची रीत जुनी आहे. त्याच चालीवर पहिले मादी करडू पाड्यावरील पुढच्या कुटुंबाला द्यायचे ठरवा. कोणाला द्यायचे हे बायकांच्या बचत गटाने ठरवावे, जळगावच्या बैठकीत नव्हे.

साक्रीचा माणूस

एक खडा टाकतो. आमच्या तालुक्यातील बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून जंगल वाढवले, विहिरींचे पाणी टिकवले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या पाड्यानेही असे काही राखलेले असेल, तर मोकळ्या चरणाऱ्या शेळ्या गावातच भांडण लावतील. आधी ग्रामसभेत विचारा.

शिवाय जातीचा दाखला, शिधापत्रिका, २००६ च्या कायद्याखालील वनहक्काचा दावा, यांपैकी काय अडले आहे तेही पाहा. धडगावला, तालुक्याच्या कचेरीत, एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. कागदपत्रांमागे फिरणाऱ्या स्थानिक मुलाला वर्षभर मानधन दिलेत, तर शेळीपेक्षा अधिक काही पदरात पडेल असे मला वाटते.

तापीकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. मंडळींशी बोलून दहाऐवजी पाचच कुटुंबे घ्यायचे ठरवले आहे. आता शेळ्या होळीनंतर, ग्रामसभा झाल्यावर देऊ, आणि उरलेल्या रकमेतून पावसाळ्याचे धान्य, लशी व एका स्थानिक तरुणाचे मानधन भागवू. त्यानेच महिन्यातून दोनदा घरोघर जावे, अशी अट आहे. एक अडचण मात्र उरली आहे: निवडलेल्या पाचांपैकी दोन घरांनी यंदाची उचल आधीच घेतली आहे. ती आम्ही फेडावी का?

शहादेकर

फेडू नका. तुम्ही फेडता हे कळले की पुढच्या वर्षी मुकादम उचलीचा आकडाच वाढवील. त्या दोन घरांना यंदा जाऊ द्या, पण मागे राहणाऱ्या म्हातारीकडे त्या तरुणाच्या खेपा चालू ठेवा आणि शेळ्या ती कुटुंबे परत आल्यावर, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला द्या. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, सालही आपल्याकडे आखाजीलाच सुरू होते, त्यामुळे तारीख कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.