मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन तिथलचा समुद्रकिनारा की दांडीचा?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. येत्या शनिवार-रविवारी लेकीला पहिल्यांदा समुद्र नीट दाखवायचा आहे. सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून गाडीपेक्षा ट्रेनने वलसाड आणि तिथून रिक्षाने तिथल सोपं वाटतंय. दांडीही मनात आहे. १९३० साली गांधीजींनी जिथे मीठ उचललं, ती जागा सासूबाईंना पाहायची आहे.

मागच्या वर्षी सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर गेलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं आणि मध्ये नुसता चिखल. लेकीचा एक बूट त्यात रुतला तो रुतलाच, आणि ती "पाणी कुठंय?" म्हणत रडत राहिली. मला फार वाईट वाटलं. या वेळी भरतीची वेळ बघूनच निघणार आहे. ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे शनिवारची वेळ रविवारी धरून चालत नाही. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ते दिवस टाळतेय.

ज्यांनी लहान मूल नेलंय त्यांनी कृपया सांगा: तिथलची काळी वाळू दुपारी किती तापते? सकाळी ती किती वाजेपर्यंत अनवाणी खेळू शकेल? किनाऱ्याजवळ पाळणा बांधता येईल अशी, तळमजल्यावरची खोली मिळते का? खायचं मी घरून नेतेच आहे, मेतकूट-भात तिला कुठेही चालतो.