याल्टाच्या मसुद्यातली 'पुनर्रचना' आणि 'प्रथम'

विचारणा: कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या पोलिश निर्वासित छावणीवर लेख लिहिते आहे. त्यात रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या याल्टा परिषदेतलं (फेब्रुवारी १९४५) पोलंडविषयीचं कलम मराठीत द्यायचं आहे. तिथल्या सरकारला 'काळजीवाहू' म्हणावं की 'हंगामी'? आणि 'रीऑर्गनाइज'साठी 'पुनर्रचना' चालेल का?

उत्तर: 'काळजीवाहू' नको. राजीनामा दिलेलं किंवा मुदत संपलेलं सरकार नवं येईपर्यंत कारभार पाहतं, ते काळजीवाहू. पोलंडमधल्या लुब्लिन शहरातल्या कम्युनिस्टप्रणीत समितीने ३१ डिसेंबर १९४४ रोजी स्वतःला सरकार म्हणून जाहीर केलं ते लाल सैन्याच्या जोरावर, आणि सत्ता सोडायचा तिचा इरादाच नव्हता. 'हंगामी' लिहा. 'अंतरिम' म्हटलं की आपल्याकडे १९४६चं नेहरूंचं सरकार आठवतं.

खरी मेख 'पुनर्रचने'त आहे. कलम म्हणतं, पोलंडमधल्या हंगामी सरकारची अधिक व्यापक लोकशाही पायावर, देशातल्या आणि परदेशातल्या पोलिश नेत्यांना घेऊन पुनर्रचना करावी. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही फरक कळतो: मंत्रिमंडळाचा विस्तार झाला तर जुने मंत्री जागेवर राहतात, चार नवे येतात. पुनर्रचनेत किती जणांना नारळ मिळेल ते त्या शब्दातून कळत नाही. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी त्या कलमाचा अर्थ विस्तार असा लावला, तर ब्रिटन-अमेरिकेने जवळजवळ नवं सरकार असा. मसुदा इतका लवचीक आहे की रशियन तो याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणतील आणि तरी तो मोडला असं म्हणता येणार नाही, असं अमेरिकी अध्यक्षांचे लष्करी सल्लागार ॲडमिरल लीही यांनी रूझवेल्ट यांना तेव्हाच बजावलं होतं. म्हणून 'पुनर्रचना'च ठेवा. 'नवं सरकार स्थापावं' असं लिहिलंत तर ज्यावर चार महिने भांडण झालं त्याचा निकाल तुम्हीच लावून टाकाल.

आणखी एक: त्याच कलमातलं 'प्रथम' फार जपून ठेवा. मोलोटोव्ह आणि मॉस्कोतले अमेरिकी व ब्रिटिश राजदूत, हॅरिमन आणि क्लार्क केर, या तिघांच्या आयोगाने 'प्रथम मॉस्कोत, हंगामी सरकारच्या सदस्यांशी आणि इतर पोलिश लोकशाहीवादी नेत्यांशी' विचारविनिमय करायचा होता. 'प्रथम' हे मॉस्कोला लागू, बोलणी पुढे इतरत्रही होतील, असं पाश्चात्त्य राजदूत म्हणत. मोलोटोव्ह म्हणत, आधी हंगामी सरकारशी बोला. म्हणजे इतर कुणाला बोलवायचं यावर त्या सरकारचा नकाराधिकार आलाच. मराठीत 'सदस्यांशी प्रथम' लिहिलं की मोलोटोव्हचा अर्थ पक्का होतो. 'प्रथम मॉस्कोत' हाच क्रम राहू द्या आणि वाद तळटीपेत सांगा.

पूरक: जून १९४५ मध्ये मॉस्कोत झालेल्या तडजोडीला सरकारी नाव आहे 'राष्ट्रीय ऐक्याचं हंगामी सरकार'. अनुवादात तेच द्यावं, 'बाहुलं सरकार' तुमच्या भाष्यात येऊ दे. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचे माजी पंतप्रधान मिकोलायचिक उपपंतप्रधान झाले, पण कळीची सत्ता लुब्लिनवाल्यांकडेच राहिली. ५ जुलैला ब्रिटन-अमेरिकेने या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या निर्वासित सरकारची काढून घेतली. वळिवड्यातल्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकली ती तेव्हा. इथे 'मान्यता रद्द झाली' असं मोघम लिहू नका, 'काढून घेतली' लिहा. कुणी काढून घेतली ते दिसायला हवं.

तसंच पोलंडमधल्या, लंडन सरकारला मानणाऱ्या सोळा भूमिगत नेत्यांचं. मार्चमध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी त्यांना वॉर्साजवळच्या प्रुश्कूव्ह इथे बोलणीसाठी बोलावलं आणि तिथून पकडून मॉस्कोला नेलं. जूनमध्ये सरकार ठरत होतं तेव्हा त्याच शहरात त्यांच्यावर खटला चालू होता. तुमच्या लेखात 'अटक' येईल तिथे 'बोलणीसाठी बोलावून' हेही येऊ द्या.