पी-एन जंक्शन शिकवताना सिम्युलेशनचा खरा उपयोग कुठे होतो?

प्रश्न
पदवीच्या पहिल्या वर्षाला डायोड (पी आणि एन प्रकारच्या अर्धवाहकांचे जंक्शन) शिकवताना मी स्लायडरने व्होल्टेज बदलता येईल असे सिम्युलेशन वापरते. डिप्लीशन थर (जंक्शनजवळचा, मुक्त वाहक जवळपास नसलेला पट्टा) रुंद आणि अरुंद होताना विद्यार्थी आवडीने पाहतात. परंतु बाहेरून व्होल्टेज दिलेले नसताना जंक्शनमध्ये काय चालते, असे विचारले की बहुतेक जण ‘काहीच नाही’ म्हणतात. ही समजूत कशी दूर करावी?

उत्तर १
स्लायडरला हात लावण्याआधी शून्य व्होल्टेजवरच बराच वेळ थांबावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथे दाट भागाकडून विरळ भागाकडे होणारे विसरण आणि विद्युतक्षेत्रामुळे उलट दिशेने होणारे वहन ही दोन्ही अखंड चालू असतात. शून्य असते ती केवळ त्यांची बेरीज. हे दोन प्रवाह वेगवेगळ्या बाणांनी दाखवावेत आणि फॉरवर्ड बायस (पी बाजूला धन व्होल्टेज) दिल्यावर कोणता बाण बदलेल, हे प्रत्येकाकडून आधी लिहून घ्यावे. क्षेत्र कमी झाले म्हणजे वहनच घटणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात वहन अल्पसंख्य वाहकांच्या (पी बाजूचे इलेक्ट्रॉन, एन बाजूचे होल) पुरवठ्यावर अवलंबून असल्याने जवळपास तेवढेच राहते, तर विद्युतक्षेत्राने उभा केलेला अडथळा उतरल्यामुळे विसरण झपाट्याने वाढते. आदर्श डायोडमध्ये सामान्य तापमानाला दर ६० मिलिव्होल्टला प्रवाह सुमारे दहापट होतो. त्यासाठी आलेखाचा प्रवाहाचा अक्ष लॉगरिदमिक (समान अंतराला दहापट वाढ दाखवणारा) ठेवावा, नाहीतर ०.७ व्होल्टला एखादे दार अचानक उघडते असा ग्रह होतो.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. प्रमाणाबद्दल मात्र सावध राहावे. पडद्यावर दर वीस-तीस अणूंमागे एक अशुद्धीचा अणू दिसतो. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात आणि तेवढ्याच घनफळात डोपिंग (मुद्दाम मिसळलेले अशुद्धीचे अणू) १० चा १६ वा घात इतके धरले, तर ५० लाखांमागे एक अणू अशुद्धीचा ठरतो. एवढ्याशा मिश्रणाने मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या सुमारे दहा लाख पटींनी वाढते! हे गणित विद्यार्थ्यांनी सिम्युलेशन उघडण्याआधी स्वतः करावे.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. माझ्या सिम्युलेशनमध्ये वेगळे बाण दाखवण्याची सोय नाही. मग काय करता येईल?

उत्तर १
जंक्शनवर एक उभी रेघ कल्पून ठरावीक वेळात ती ओलांडणारे इलेक्ट्रॉन मोजायला लावावेत, एका गटाने डावीकडून आणि दुसऱ्याने उजवीकडून येणारे. पडद्यावर कण थोडे असल्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. मोजणीचा काळ वाढवत नेला की एकूण संख्येच्या मानाने तफावत घटत जाते.