अधिकार खाली सोपवताना आधी काय: कामं, माणसं की पैसा?

आराखडेकर:
प्राथमिक शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा हे विषय स्थानिक संस्थांकडे द्यायचे आहेत. मसुद्यात पहिल्या वर्षी कामं, दुसऱ्या वर्षी कर्मचारी, तिसऱ्या वर्षी निधी असा क्रम धरलाय. चालेल का? आणि विषयांची फोड किती बारीक करायची?

खतावणी:
फोडीचं आधी सांगतो. विषय सोपवू नका, कृती सोपवा. ‘प्राथमिक शिक्षण’ एवढंच लिहिलं तर कुणालाच काही मिळत नाही. भारतात राज्यघटनेच्या 11व्या अनुसूचीत पंचायतींसाठीचे 29 विषय 1993 पासून आहेत, पण त्यातलं काय द्यायचं हे राज्यांच्या मर्जीवर. बरंचसं तिथेच अडलंय.

शाळेचंच घ्या. छताची दुरुस्ती, शौचालयांची सफाई खाली, अभ्यासक्रम वर. यावर कुणी भांडत नाही. भांडण होतं ते शिक्षकाची नेमणूक, बदली आणि रजेवर. म्हणून प्रत्येक कृतीपुढे चार रकाने भरा: निर्णय कोणाचा, खर्च कुठल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कुठल्या खर्चाच्या खात्यातून), कर्मचारी कोणाच्या हाताखाली, तक्रार कोणाकडे. एका रकान्यात दोन नावं आली की ती ओळ हस्तांतराला तयार नाही, असं समजा.

ताळेबंद:
क्रम साफ चुकीचा आहे. पैसा तिसऱ्या वर्षी म्हणजे दोन वर्षं शिव्या खाली आणि तिजोरी वर.

तिन्ही एकाच दिवशी दिलं तरी वाटपाचं सूत्र चुकू शकतं. फिलिपिन्सच्या 1991 च्या स्थानिक शासन कायद्यात राष्ट्रीय महसुलातल्या स्थानिक वाट्यातले 23 टक्के प्रांतांना, 23 शहरांना, 34 नगरपालिकांना आणि 20 बारांगायांना, म्हणजे सगळ्यात खालच्या स्तराला. वरच्या तीन स्तरांत पुढची वाटणी लोकसंख्येवर 50 टक्के, क्षेत्रफळावर 25, समान वाटा 25 अशी. कोणाच्या गळ्यात किती रुग्णालयं पडली, हे सूत्राला दिसतच नव्हतं. प्रांत रुग्णालयांच्या खर्चाखाली दबले. शहरांवर तुलनेनं थोडा बोजा, वाटा मात्र तेवढाच.

तेव्हा टक्केवारी ठरवण्याआधी मागच्या तीन वर्षांचा कृतीवार *प्रत्यक्ष* खर्च काढा. अंदाजपत्रकी आकडे नकोत. पेन्शन, पंपांची थकीत वीजबिलं, लसींच्या फ्रिजची देखभाल हे हमखास सुटतं.

आस्थापना_टेबल:
माणसांबद्दल. इंडोनेशियानं 2001 मध्ये सुमारे 20 लाख कर्मचारी प्रादेशिक सरकारांकडे वळवले आणि सेवा फारशा ठप्प झाल्या नाहीत. गोची वेगळीच झाली: अनुदानात पगारखर्च मोजला जात असल्यानं माणसं कमी करण्यात कुणाचाच फायदा नव्हता. सूत्रात चालू पगारखर्च घालू नका.

वेतनश्रेणी आणि सेवाज्येष्ठता वर राहू द्या. रजा, हजेरी आणि गोपनीय अहवाल खाली हवेतच. अहवाल वरचा साहेब लिहिणार असेल तर कर्मचारी ऐकणार त्याचंच.

आराखडेकर:
लहान संस्थांची क्षमता नसेल तर? आधी प्रशिक्षण देऊन मग निधी, असं सुचवलं जातंय.

ताळेबंद:
त्या ‘मग’ला तारीख नसते. केरळनं 1996 मध्ये योजनानिधीचा (राज्याच्या विकासयोजनांच्या पैशाचा) 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांना देऊ केला आणि प्रशिक्षण नियोजनासोबतच चालवलं. गडबडी झाल्या, पण निधी हातात असल्यानं लोक शिकायला आले.

लहान संस्थांची खरी अडचण बहुधा तांत्रिक मंजुरीची असते. पाच-सहा संस्थांना मिळून एक अभियंता आणि एक लेखापाल द्या. शिवाय वरच्या खात्याचं त्या कृतीचं लेखाशीर्ष कुठल्या तारखेला बंद होणार, ते कायद्यातच लिहा. नाहीतर दोन्हीकडून एकाच रस्त्याची निविदा निघते.